तिसऱ्या मजल्यावरची शेती

राष्ट्रीय उत्पन्न मोजणी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर देशाची अर्थव्यवस्था बसत असे. एकच लांबलचक दालन होते आणि त्यात शेती, उद्योग व सेवा हे तीन विभाग प्लायवूडच्या दोन पार्टिशनांनी वेगळे केलेले होते. ज्या क्षेत्राचा राष्ट्रीय उत्पन्नात जेवढा वाटा, तेवढी त्या विभागाला जागा, असा नियम होता. हा नियम कोणी केला ते कोणालाच माहीत नव्हते. पण तो अत्यंत न्याय्य आहे, याबद्दल सेवा विभागात एकमत होते.

सेवा विभागाकडे ओळीने खिडक्या, गालिचा आणि कुंडीतली झाडे होती. उद्योग विभागाकडे दोन खिडक्या आणि चहाचे यंत्र होते. शेती विभागाकडे अर्धी खिडकी होती. उरलेली अर्धी पार्टिशनपलीकडे उद्योगात जात असल्यामुळे ती उघडायची झाली तर दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या लागत, आणि तोवर उन्हाळा संपलेला असे.

या अर्ध्या खिडकीपाशी टक्केसाहेब बसत. ते शेती विभागाचे प्रमुख होते आणि जागेअभावी एकमेव कर्मचारीही. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नव्हते. त्यांना काहीही विचारा, उत्तर टक्क्यांत यायचे. बायकोने भाजीत मीठ बरोबर झाले का विचारले, तर ते 'ब्याण्णव टक्के' म्हणत आणि उरलेल्या आठ टक्क्यांवरून जेवण संपेपर्यंत धुसफूस चाले. माणूस सरळ होता. आपली खुर्ची भिंतीला न घासता मागे सरकवता यावी, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती.

तीही पुरी होत नव्हती, कारण शेतीचा वाटा दर वर्षी घटत होता. तो घटणे साहजिक होते. मोजणीचे नियमच तसे होते. बटाटा जमिनीत आहे तोवर शेतीचा. उपटून धुतला की त्याच्यावर प्रक्रिया झाली, म्हणजे तो उद्योगाचा. पोत्यात भरून ट्रकवर चढवला की सेवेचा. टक्केसाहेबांनी एकदा मासिक बैठकीत हरकत घेऊन पाहिली होती.

"अहो, पण पिकवला कोणी?"

"पिकवल्याचं श्रेय तुमचंच," उद्योगप्रमुख मोठ्या मनाने म्हणाले होते. "किंमत तेवढी आमच्याकडे."

मग आकडे जाहीर होत. सुतार येई, मोजपट्टी लावी आणि पार्टिशन चार बोटे शेतीकडे ढकलून जाई. जाताना तो टक्केसाहेबांना म्हणे, "साहेब, जरा पोट आत घ्या." टक्केसाहेब घेत. इतकी वर्षे घेता घेता त्यांचे पोट खरोखरच आत गेले होते, आणि बायको त्याचे श्रेय स्वतःच्या स्वयंपाकाला देत असे.

अशा स्थितीत ते सुबत्तेचे वर्ष आले. पहिली खबर ताईकडून आली. ताई म्हणजे टक्केसाहेबांची थोरली बहीण. ती गावी शेती करत असे, स्वतः ट्रॅक्टर चालवत असे आणि तिचा आवाज असा होता की फोन हा केवळ उपचार होता.

"अरे, काय पीक आलंय म्हणून सांगू! एकेक बटाटा हातात मावत नाही. ठेवायला जागा उरली नाही. न्हाणीघर भरलं, माळा भरला. तुझे दाजी अंगणात आंघोळ करतायत आणि येणारे-जाणारे त्यांच्याशी गप्पा मारायला थांबतायत!"

टक्केसाहेबांना हर्ष झाला. गावोगावचे आकडे आले तेही तसेच. बटाटा, टोमॅटो, कांदा, कोबी, सगळेच उतू चालले होते. टक्केसाहेबांनी उद्योगप्रमुखांना पार्टिशनवरून डोके काढून सांगितले, "तुमचं चहाचं यंत्र हलवायची तयारी ठेवा. खिडकी पुरी माझ्याकडे येणार." त्या दिवशी घरी जाताना त्यांनी स्वतःसाठी खुर्चीवर टाकायची उशी घेतली.

मग हिशेब झाला. पीक दीडपट झाले होते आणि भाव चौथाईवर आला होता. गाडीभाडेही निघेना म्हणून लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते आणि त्यावरून घसरून पडलेल्यांचा दवाखान्याचा खर्च सेवा क्षेत्रात जमा झाला होता. शेतीचा वाटा आजवर कधी नव्हता इतका खाली गेला. शहरात मात्र सगळे खूश होते. वर्तमानपत्रात 'भाज्या स्वस्त, गृहिणी मस्त' असा मथळा आला आणि एका बाईंचा टोपलीसकट फोटोही.

सुतार आला. त्याने मोजपट्टी लावली, परत लावली, आणि दुःखाने मान हलवली.

"साहेब, आता खुर्ची किंवा टेबल, दोन्हींतलं एकच काहीतरी राहील."

टक्केसाहेबांनी खुर्ची ठेवली. फायली मांडीवर घेतल्या. उशी परत करायला गेले, तर दुकानदार म्हणाला, वापरलेली परत घेत नाही.

गुडघे भिंतीला टेकवून, मांडीवर फाइल ठेवून माणसाने किती दिवस देशाची शेती सांभाळावी? अखेर टक्केसाहेब संचालकांकडे गेले. संचालक मोठे कर्तबगार गृहस्थ होते. कोणत्याही फाइलचे पहिले वाक्य वाचले की उरलेल्या फाइलचा निर्णय ते मनाने घेत.

"या वर्षी शेती वाढली, असं तुम्ही म्हणता," संचालक म्हणाले. "आणि लगेच खाली म्हणता, शेती घटली."

"पीक वाढलं, साहेब. योगदान घटलं."

"का घटलं?"

"भाव पडला."

"भाव का पडला?"

"पीक वाढलं म्हणून."

संचालक खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या खोलीत मागे रेलायला जागा होती. त्यांनी छताकडे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"म्हणजे शेतीच्या योगदानातला मुख्य अडथळा पीक हाच आहे!"

यात काहीतरी चुकते आहे, असे टक्केसाहेबांना नक्की वाटले. पण नेमके काय, ते आकड्यांत सापडेना. आकडे तर तेच सांगत होते. शिवाय गुडघे फार दुखत होते.

"तसं म्हणता येईल, साहेब," ते म्हणाले.

त्यानंतर सगळे पुष्कळ झपाट्याने झाले. संचालकांची टिपणी वर गेली. वर ती सगळ्यांना आवडली, कारण शेतीसाठी काहीही न करण्याचा असा शास्त्रशुद्ध प्रस्ताव यापूर्वी आलेला नव्हता. 'योगदानवृद्धी अभियान' जाहीर झाले. अभियानाला आदर्श हवा होता म्हणून जुने आकडे चाळण्यात आले. त्यांत असे आढळले की दोन वर्षांमागे एका गावी गारपीट होऊन सगळा बटाटा झोपला होता, आणि जे काही मूठभर हाती लागले ते एका बाईने डोळे पांढरे होतील अशा भावाने विकले होते. दर बटाट्यामागे राष्ट्रीय योगदान पाहिले तर त्या बाईचा देशात पहिला क्रमांक लागत होता.

ती बाई ताई होती. बातमी सांगायला टक्केसाहेबांनीच फोन केला.

"अरे, पण मी केलं काय?" ताई म्हणाली. "गारा पडल्या आणि सगळं गेलं. मी आठवडाभर रडत होते."

"तेच तर, ताई. तू काही केलं नाहीस, म्हणून योगदान वाढलं. आता इतरांनीही काही करू नये, असं तू गावोगाव जाऊन शिकवायचंस."

"त्याचं काही मिळणार का?"

"मानधन आहे. गाडी आहे. शाल आहे."

ताईचा आवाज एकदम खाली आला. तिच्या आयुष्यात हे क्वचितच घडत असे.

"मग बघच तू आता, मी कशी काही करत नाही ते!"

आणि खरोखरच ताईने अभियान डोक्यावर घेतले. मंत्रीमहोदयांच्या हस्ते तिचा सत्कार झाला. खांद्यावर शाल घेऊन ती सरकारी गाडीतून गावोगाव हिंडू लागली आणि 'न-पेरणीचे आधुनिक तंत्र' या विषयावर पडद्यावर रिकाम्या जमिनीची चित्रे दाखवून व्याख्याने देऊ लागली. लोक प्रश्न विचारत.

"ताई, न पेरलेलं काढायचं कधी?"

"हंगाम संपला की लगेच. उशीर करू नका."

"आणि चुकून काही उगवलंच तर?"

"आमच्या कार्यालयात कळवा. माणूस येऊन उपटून जाईल."

न पेरणाऱ्याला अनुदान सुरू झाले. तेव्हा असे दिसून आले की या कामात खेड्यांपेक्षा शहरे कितीतरी पुढे आहेत. वकिलांनी, डॉक्टरांनी, दागिन्यांच्या व्यापाऱ्यांनी अर्ज केले की आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी काहीही पिकवलेले नाही. पाहिजे तर शेजाऱ्यांना विचारा. शेजाऱ्यांना विचारण्यात आले. शेजाऱ्यांनी साक्ष दिली आणि जाता जाता आपलाही अर्ज दिला. उत्कृष्ट शेतकऱ्याचा पहिला पुरस्कार सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एका दंतवैद्याला मिळाला. सत्काराला उत्तर देताना त्याचा कंठ दाटून आला. मातीशी असलेले आपले नाते हीच आपली प्रेरणा आहे, असे तो म्हणाला.

हंगाम उलटला आणि भाव चढले. बटाटा आधी किलोने मिळायचा, मग नगाने मिळू लागला. काही दुकानांत तो काचेच्या कपाटात, दिव्याखाली ठेवीत. बाहेरून बटाटा आणण्याचा प्रस्ताव सेवा विभागाने मांडला. पण त्याने भाव पडेल आणि देशाच्या शेतीचा अपमान होईल, म्हणून तो फेटाळण्यात आला. लोक काय खातात, असा प्रश्न एका बैठकीत निघाला होता. लोकांसाठी गोदामात धान्य होते; आणि गोदाम सेवा क्षेत्रात येत असल्यामुळे त्याची काळजी शेतीने करण्याचे कारण नव्हते.

आकडे जाहीर झाले. शेतीचा वाटा असा उसळला की संचालकांनी तो कागद आधी उलटा धरला आहे की काय, ते पाहून घेतले. सुतार आला तो या खेपेला चार माणसे घेऊन. पार्टिशन उद्योगातून पुढे निघाले, थेट सेवेत शिरले. खिडक्या आल्या, चहाचे यंत्र आले, गालिचा आला. उद्योगप्रमुख झाडूच्या खोलीत बसू लागले. सेवाप्रमुखांचे टेबल जिन्यावर गेले आणि जाणारे-येणारे लोक त्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारू लागले.

टक्केसाहेबांना फिरती खुर्ची मिळाली. त्यांनी ती मागे ढकलली. ती भिंतीला लागली नाही. ती जात राहिली. दालनाच्या मधोमध जाऊन थांबली तेव्हा टक्केसाहेबांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी शेतीला चांगले दिवस आले होते.

त्या दिवशी ते आनंदाने घरी आले. हातपाय धुऊन ताटावर बसले आणि ताटाकडे पाहतच राहिले. त्यांची बायको शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत असे, त्यामुळे कोणतीही गोष्ट तिला सोप्या शब्दांत सांगता येई.

"हे काय आहे?" टक्केसाहेबांनी विचारले.

"बटाट्याची भाजी."

"यात बटाटा कुठं आहे?"

"योगदानात."

टक्केसाहेबांनी रस्सा भुरकला.

"आज वर्गात 'ब बटाट्याचा' शिकवत होते," बायको म्हणाली. "एक पोरगी विचारते, बाई, बटाटा म्हणजे काय? मी फळ्यावर काढून दाखवला. तर म्हणते, हा तर दगड आहे. सांगा, काय सांगू तिला?"

"पण शेतीचा वाटा—"

"तो वाटा घाला चुलीत आणि शिजवा. मला बटाटे आणून द्या. ताईंकडे जा. एवढी वर्षं शेतीत घालवलीत, निदान एक पिशवी तरी आणाल की नाही?"

आता ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नव्हती. मधल्या काळात काही देशद्रोही लोक चोरून पिकवू लागल्याचे कानावर येत होते. परसात, गच्चीवर, जुन्या टबांत. म्हणून एक परिपत्रक निघाले होते. अघोषित बटाटा बाजारात आला तर भाव पडतो, भाव पडला तर योगदान पडते, सबब असा बटाटा बाळगणे म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाची चोरी समजली जाईल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. भाषा सडेतोड होती. परिपत्रक टक्केसाहेबांनीच लिहिले होते.

तरी ते गेले. घरात रोज रिकामा रस्सा आणि वर बायकोचे सोप्या शब्दांतले बोलणे, यापुढे परिपत्रक किती दिवस टिकणार?

ताईच्या फाटकावर 'राष्ट्रीय आदर्श न-पेरणी क्षेत्र' अशी पाटी होती. पुढची सगळी जमीन उघडीबोडकी पडली होती आणि ती पाहायला आलेली एक सहल नुकतीच परत गेली होती. ताईने भावाचा चेहरा पाहिला आणि काही विचारले नाही.

"आत ये. चप्पल काढू नकोस, मागं मातीत जायचंय."

घरामागे अभियानाचे जुने फलक आडवे बांधून मांडव केलेला होता. मंत्रीमहोदयांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली, हात जोडलेल्या छबीच्या सावलीत, बटाट्याच्या हिरव्या झाडांच्या ओळी उभ्या होत्या. दाजी त्यांना पाणी घालत होते. टक्केसाहेबांना पाहून त्यांनी झारी पाठीमागे लपवली.

"ताई!" टक्केसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. "तू तर सगळ्या देशाला सांगत फिरतेस, पिकवू नका म्हणून!"

"देशाला सांगते रे. घराला कुठं सांगितलंय?"

तिने वाकून एक झाड ओढले. मुळांना लोंबणारे बटाटे भसाभस बाहेर आले. त्यातला एक तिने मातीसकट भावाच्या हातावर ठेवला. टक्केसाहेबांनी उभी हयात बटाटा हा शब्द लिहिण्यात घालवली होती, पण लहानपणानंतर असा जमिनीतून निघालेला, गार, ओलसर बटाटा त्यांच्या हातात आला नव्हता. त्यांनी तो नाकाला लावला. ताईने विचारले, "छान आहे ना?" तर त्यांना एकही आकडा सुचेना. त्यांनी नुसती मान हलवली.

परतीच्या बसमध्ये ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. वरती दोन सदरे आणि एक टॉवेल टाकलेला होता. शेजारी एक सद्गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. पहिल्याच पानावर 'शेतीचा ऐतिहासिक उच्चांक' अशी बातमी होती.

"वाचलंत?" सद्गृहस्थांनी विचारले. "ऊर भरून येतो हो. शेवटी आपला देश शेतीचा. आमच्या आजोबांचीही शेती होती, वडिलांनी विकली म्हणून बरं झालं. नाहीतर आज मी तिथंच असतो." मग त्यांचे नाक हलले. "मातीचा वास कुठून येतोय?"

"कपड्यांचा असेल."

"पिशवीत कपडे आहेत?"

"हो."

"गोल दिसतायत."

पुढे काय झाले असते सांगता येत नाही. पण तेवढ्यात चालकाने करकचून ब्रेक दाबला, टॉवेल सरकला आणि एक बटाटा टुणकन उडी मारून खाली पडला. दोन्ही बाजूंच्या बाकांमधून तो पार पुढच्या दारापर्यंत घरंगळत गेला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. एका आजीबाईंनी तो उचलला, दिव्यासारखा दोन्ही हातांत धरला आणि शेजारच्या नातीला म्हणाल्या, "बघून घे गं. हाच तो." मग कोणीतरी ओरडले, मग सगळेच ओरडले. वाहकाने शिट्टी फुंकली आणि पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला.

त्याने खिशातून परिपत्रक काढून मोठ्याने वाचले. शेवटी आला आणि थांबला.

"खाली सही कोणाची आहे ही?"

"माझीच," टक्केसाहेब म्हणाले. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती. नोकरीत ते काम आकडे करत.

चौकशी त्यांच्याच दालनात झाली, कारण एवढी माणसे बसतील अशी दुसरी जागा कार्यालयात राहिली नव्हती. संचालक अध्यक्ष होते. झाडूच्या खोलीतून उद्योगप्रमुख आणि जिन्यावरून सेवाप्रमुख सदस्य म्हणून आले होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तजेला होता.

"हे बटाटे बाजारात गेले असते, तर राष्ट्रीय योगदानाचं किती नुकसान झालं असतं?" संचालकांनी विचारले.

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग लक्षात आले की हा हिशेब फक्त आरोपीलाच येतो. टक्केसाहेबांनी कागद मागितला. भाव घेतला, वजन घेतले, आणि जे उत्तर आले ते एकही अंश न लपवता वाचून दाखवले. ते इतके मोठे होते की सेवाप्रमुखांच्या तोंडून "अरे देवा" असा उद्गार निघाला. टक्केसाहेबांनाही स्वतःची लाज वाटली. आपल्यासारख्या माणसाला मोकळे सोडणे धोक्याचे आहे, हे त्यांना आकड्यांवरून पटले.

जप्त पिशवीचा प्रश्न निराळा होता. पुरावा नाशिवंत होता. तो टिकावा म्हणून चहाच्या यंत्रातल्या गरम पाण्यात उकडण्यात आला. मग तो खराच बटाटा आहे याची प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे खात्री करून घेतली. मीठ मागवण्यात आले. थोड्या वेळाने समितीने एकमताने नोंद केली की पुरावा उत्तम होता, मात्र आता शिल्लक नाही.

निकाल देण्यापूर्वी संचालकांनी पुढच्या वर्षीचा अंदाज सहज डोळ्यांखालून घातला आणि त्यांचा शेवटचा घास अडकला. अभियान इतके यशस्वी झाले होते की येत्या हंगामात देशात अधिकृतपणे काहीही पिकणार नव्हते.

"भाव आकाशाला भिडणार," ते म्हणाले. "पण पीक शून्य. शून्याला कितीही मोठ्या भावानं गुणलं तरी—"

"शून्यच, साहेब," टक्केसाहेब आरोपीच्या जागेवरून नम्रपणे म्हणाले.

"म्हणजे कोणीतरी थोडं पिकवलंच पाहिजे!"

लगेच जाहिरात देण्यात आली. 'शेतकरी पाहिजे.' लाखावारी अर्ज आले. कोणाला शेती अधिकारी व्हायचे होते, कोणाला सल्लागार, कोणाला निरीक्षक. दंतवैद्याने आपण न-पेरणीचे क्षेत्र सोडून जाऊ शकत नाही, असे कळवले. ताईने आपल्यावर राष्ट्रीय जबाबदारी असल्याचे सांगितले. 'शेतकरी' या रकान्यासमोर एकच अर्ज होता आणि तो घरून काम करण्याच्या अटीवर होता.

तेव्हा नियम पाहण्यात आले. सरकारी नोकराला देता येईल अशी सर्वांत कडक शिक्षा कोणती, यावर समितीत चर्चा झाली आणि टक्केसाहेबांची शेती विभागातून शेतीत बदली करण्यात आली.

ताईची पुढची उघडीबोडकी जमीन त्यांना नेमून देण्यात आली. बायकोने शाळा सोडली नाही, गावच्या शाळेत बदली करून घेतली आणि पहिल्याच दिवशी सगळा वर्ग बांधावर आणून म्हणाली, "आता नीट बघा, दगड कोणता आणि बटाटा कोणता." टक्केसाहेबांच्या हाताला फोड आले, पाठ धरली, पहिली लावण सगळी चुकली आणि ताईने ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात दुरुस्त करवून घेतली. रात्री पडल्या पडल्या झोप लागू लागली. एका सकाळी मातीला भेग पडून त्यातून हिरवा कोंब वर आलेला दिसला, तेव्हा ते बायकोला हाक मारायला धावत गेले आणि वाटेत चिखलात पडले. बायको इतकी हसली की तिला बांधावर बसावे लागले.

पीक आले. देशातले एकमेव अधिकृत पीक. ते काढायच्या दिवशी पहाटेपासून शहरातून गाड्या येऊ लागल्या. फाटकापासून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून पुलापर्यंत रांग गेली. वर्तमानपत्रवाले सद्गृहस्थ होते. नातीला घेऊन आजीबाई होत्या. संचालक होते, खासगी भेट म्हणून. सगळे एकमेकांना सांगत होते की शेतकरी हा देशाचा कणा आहे, आणि कोणी मध्ये घुसू लागला तर त्याच कण्यावर कोपर मारत होते.

टक्केसाहेब तराजू घेऊन पोत्याशेजारी बसले होते. बियाणे, पाणी, खत आणि स्वतःची पाठ धरून त्यांनी एक भाव ठरवला होता. काचेच्या कपाटातल्या भावाच्या पासंगालाही तो लागला नसता.

तुम्हीही होतात त्या रांगेत. नाही म्हणू नका, पिशवी तुमचीच होती. पुढच्या-मागच्यांना तुम्ही शेतीच्या योगदानाबद्दल चांगले दोन शब्द ऐकवलेत आणि त्यांनी माना डोलावल्या. तुमचा नंबर आला. तुम्ही पोत्यात हात घालून चांगला दिसणारा एक बटाटा उचललात, अंगठ्याने दाबून पाहिलात, भाव विचारलात आणि तो ऐकून कपाळाला आठ्या घातल्यात.

"एवढा?" तुम्ही म्हणालात. "अहो, मातीत फुकट तर उगवतो!"